वाचकांचे प्रश्न : कातडीच्या पेशीपासून मेंदूची पेशी बनते म्हणे, मग आपल्यापर्यंत कधी येणार?

मागच्या अंकात पार्किन्सनबद्दल लिहिताना जपानमधल्या आयपीएस सेलच्या (म्हणजे कातडीच्या किंवा रक्ताच्या पेशीला लॅबमध्ये मागे नेऊन बनवलेल्या, शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेलच्या) ट्रायलचा दोनच ओळींत उल्लेख केला होता, त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत, फक्त गावं.

फोंडा, गोवा : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. आम्हाला शिकवलंय की पेशी एकदा स्पेशलाइज झाली की मागे जात नाही. मग कातडीच्या पेशीची स्टेम सेल कशी काय करतात? आणि हे सुचलं कुणाला?

तुला शिकवलंय ते शरीराच्या आत आपोआप जे घडतं त्यापुरतं बरोबर आहे गं, लॅबमध्ये मात्र पेशीला मागे नेता येतं आणि ते सिद्ध होऊन आता बरीच वर्षं झाली. मूळ मुद्दा असा की कातडीच्या पेशीत फक्त कातडीचीच जनुकं असतात असं नाहीये, मेंदूची, हृदयाची, लिव्हरची सगळीच असतात, पण पेटीवर सगळ्या पट्ट्या असल्या तरी एका रागात ठरावीकच वाजवतात ना, तसं त्या पेशीत ठरावीकच जनुकं चालू असतात आणि बाकीची बंद. म्हणजे माहिती पुसली गेलेली नसते.

हे पहिल्यांदा दाखवलं इंग्लंडमध्ये जॉन गर्डन यांनी, १९६२ मध्ये, बेडकांवर. टॅडपोलच्या, म्हणजे बेडकाच्या पाण्यातल्या पिल्लाच्या, आतड्याच्या पेशीतलं केंद्रक काढून त्यांनी ते बेडकाच्या अंड्यात घातलं, अंड्याचं स्वतःचं केंद्रक आधीच निकामी केलेलं होतं, आणि त्यातून चक्क पोहणारे टॅडपोल तयार झाले. लोकांचा पटकन विश्वास बसला नाही. पुढे १९९६ मध्ये याच पद्धतीने डॉली मेंढी जन्मली तेव्हा सस्तन प्राण्यातही हे होतं हे कळलं. पण दोन्हीकडे अंडं लागत होतं, अंड्यात असं काहीतरी असतं की जे जुन्या केंद्रकाला परत पहिल्या पानावर नेतं, ते काहीतरी म्हणजे नक्की काय हे कुणालाच माहीत नव्हतं.

ते शोधलं क्योटो युनिव्हर्सिटीच्या शिन्या यामानाका यांनी. हे गृहस्थ आधी ऑर्थोपेडिक्सचे डॉक्टर, मग रिसर्चकडे वळले, आणि योगायोग असा की त्यांचा जन्म पण १९६२ चाच. त्यांनी काय केलं, की भ्रूणाच्या स्टेम सेलमध्ये जी जनुकं जोरात चालू असतात त्यातली २४ निवडली. त्यांचा विद्यार्थी काझुतोशी ताकाहाशी, त्याने एकेक जनुक उंदराच्या पेशीत घालून बघितलं तर काहीच झालं नाही. मग सगळी २४ एकदम घातली आणि थोड्याशा पेशी खरंच बदलल्या. आता मजा इथे आहे बघ. २४ मधली कुठली कामाची हे शोधायला त्यांनी उलटा रस्ता धरला, दर वेळी एक जनुक वगळायचं आणि २३ घालायची, ज्याच्या गैरहजेरीत काम बिघडतं ते महत्त्वाचं. अशी आधी १० उरली आणि शेवटी चार. ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. चार! अख्ख्या पेशीचा जन्म परत सुरू करायला चार जनुकं पुरतात हे २००६ मध्ये छापून आलं तेव्हा या क्षेत्रातल्या मोठमोठ्या लोकांना धक्का बसला होता. २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर हेच झालं, क्योटोत पण आणि त्याच सुमाराला अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांच्या लॅबमध्ये पण, थॉमसन यांच्या यादीतली दोन जनुकं वेगळी होती. गर्डन आणि यामानाका या दोघांना मिळून २०१२ चं नोबेल मिळालं.

प्रत्यक्षात ते दिसतं कसं तेही सांगते कारण पुस्तकात हे नसतं. डिशमध्ये सुरुवातीला कातडीच्या फायब्रोब्लास्ट पेशी असतात, लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, एकमेकींना खेटून एकाच दिशेने पसरलेल्या. जनुकं घातल्यावर पहिले बरेच दिवस काही म्हणजे काही दिसत नाही, रोज मीडियम, म्हणजे पेशींचं पोषण करणारं पाणी, बदलायचं आणि इनक्युबेटरचं दार लावायचं, रविवार असो की गणपती असोत. माणसाच्या पेशींना साधारण तीन-चार आठवडे लागतात. मग कुठेतरी एखादा छोटा गोल चपटा पुंजका दिसायला लागतो, कड एकदम स्वच्छ, आतल्या पेशी लहान आणि दाटीवाटीने बसलेल्या, केंद्रकच एवढं मोठं की आजूबाजूला जागाच नाही. तो पुंजका अलगद उचलून वेगळ्या डिशमध्ये वाढवायचा. हजार पेशींत एखादीच तिथपर्यंत पोचते, सुरुवातीला तर त्याहूनही कमी पोचायच्या. आणि याच पेशींना पुढे योग्य रसायनं योग्य दिवशी देऊन हृदयाच्या पेशी बनवल्या की त्या डिशमध्येच धडधडायला लागतात, हे जो पहिल्यांदा बघतो तो बराच वेळ मायक्रोस्कोपवरून डोळा काढत नाही.

तुला यात पुढे जायचं असेल तर पुण्याचं एनसीसीएस, बंगळुरूचं इनस्टेम या संशोधन संस्थांची नावं लिहून ठेव. बायोलॉजी आवडत असेल तर मॅथ्स सोडू नकोस एवढंच सांगेन.

मिरज : माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे, वय ६८. तुम्ही लिहिलेली जपानची ट्रायल नक्की काय आहे? आम्ही खर्च करायला तयार आहोत, त्यांना तिकडे नेता येईल का?

दादा, आधी उत्तर देते मग समजावते. आत्ता घाईघाईत त्यांना कुठेही नेऊ नका.

पार्किन्सनमध्ये मेंदूच्या मधल्या भागातल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि हात थरथरणं, चालताना पाय अडकणं हे दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. गोळ्या डोपामीनची उणीव भरतात पण गेलेली पेशी आणून देत नाहीत. म्हणून कल्पना अशी की आयपीएस सेलपासून डोपामीन बनवणाऱ्या पेशींच्या आधीची पिढी लॅबमध्ये तयार करायची आणि ती मेंदूत बसवायची. क्योटोत जुन ताकाहाशी यांच्या टीमने २०१८ मध्ये पहिल्या पेशंटवर हे केलं, एकूण सात पेशंट, वय ५० ते ६९. पेशी पेशंटच्या स्वतःच्या नव्हत्या, एका निरोगी दात्याच्या होत्या, त्यामुळे शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यावं लागलं. कवटीला छोटी छिद्रं पाडून मेंदूच्या दोन्ही बाजूंना पेशी सोडल्या.

निकाल एप्रिल २०२५ मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये आला. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम दिसला नाही, गाठ झाली नाही. परिणाम सहा जणांमध्ये मोजला, गोळीचा असर उतरलेला असताना हालचाल कशी आहे ते तपासलं तर सहापैकी चौघांत सुधारणा होती, आणि स्कॅनवर डोपामीन तयार होण्याचं प्रमाण सरासरी सुमारे ४५% वाढलेलं दिसलं. म्हणजे बसवलेल्या पेशी जिवंत आहेत आणि काम करतायत. माझ्या मते ही खरोखर मोठी गोष्ट आहे, मी हे हलक्यात लिहीत नाहीये.

पण आता दुसरी बाजू पण नीट ऐका. सात माणसं. तुलनेला खोटी सर्जरी केलेला गट नव्हता, आणि पार्किन्सन हा असा आजार आहे की ज्यात आपल्यावर काहीतरी मोठं केलंय या विश्वासानेसुद्धा माणूस काही काळ बरा चालतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. त्यामुळे चौघांतली सुधारणा किती पेशींची आणि किती आशेची हे सात जणांवरून वेगळं करता येत नाही. सुमितोमो फार्मा या कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये जपान सरकारकडे मंजुरीसाठी अर्ज केला. जपानमध्ये अशा उपचारांना थोड्या पेशंटवरून सशर्त आणि ठरावीक मुदतीची मंजुरी देण्याचा कायदा आहे, मुदतीत आणखी पुरावा द्यावा लागतो.

तुमच्या वडिलांसाठी आज करण्यासारखं भरपूर आहे. न्यूरोलॉजिस्टला विचारून गोळ्यांच्या वेळा नीट बसवणं, फिजिओथेरपी रोजच्या रोज, आणि गोळ्यांचा असर वरखाली होत असेल तर डीबीएस सर्जरी (मेंदूत बारीक तार बसवून विजेचे सौम्य स्पंद देतात ती) त्यांना चालेल का ते विचारणं. डीबीएस मुंबई-पुण्यात होतं, त्याचा पुरावा हजारो पेशंटचा आहे. खर्चाची तयारी आहे म्हणता ना, मग तो इथे करा.

पुणे : आजीला डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा, मॅक्युलाचा त्रास आहे. तिच्याच कातडीच्या पेशी घेऊन डोळ्यात बसवल्या तर शरीर नाकारणारच नाही ना? मग परक्याच्या पेशी का वापरतात?

फार चांगला प्रश्न, कारण सुरुवातीला सगळ्यांना हेच वाटलं होतं आणि जगातला पहिला आयपीएस उपचार असाच झाला. १२ सप्टेंबर २०१४, जपानमधलं कोबे. मासायो ताकाहाशी या नेत्रतज्ज्ञ, वर सांगितलेल्या जुन ताकाहाशींच्या पत्नी, त्यांच्या टीमने सत्तरीतल्या एका बाईंच्या स्वतःच्या कातडीपासून पडद्यामागच्या रंगीत पेशींचा एक पातळ तुकडा तयार केला, मिलिमीटरमध्ये मोजावा एवढा, आणि तो त्यांच्या डोळ्यात बसवला. नजर फारशी सुधारली नाही पण खालावणं थांबलं, आणि तुकडा टिकला.

मग दुसऱ्या पेशंटची तयारी झाली, पेशी बनवल्या, आणि तपासणीत त्या पेशींमध्ये काही जनुकीय बदल सापडले. टीमने ऑपरेशन केलंच नाही. थांबले. एवढ्या महिन्यांची मेहनत, जगाचं लक्ष, पेशंट वाट बघतोय, आणि तरी थांबले, त्याबद्दल मला मासायोबाईंचा फार आदर वाटतो.

तर अडचण ही की प्रत्येक पेशंटसाठी वेगळा कारखाना चालवावा लागतो. पेशी काढा, मागे न्या, पुढे घडवा, प्रत्येक टप्प्याला जनुकं तपासा, महिनोन्‌महिने जातात आणि पहिल्या पेशंटचा खर्च सुमारे १० कोटी येन झाला असं सांगितलं जातं. म्हणून क्योटोने दुसरा मार्ग काढला, ऊतींचा प्रकार जास्तीत जास्त लोकांना जुळेल असे दाते शोधायचे आणि त्यांच्या पेशींचा साठा करायचा. सात दात्यांपासून बनवलेल्या साठ्याने जपानच्या सुमारे ४०% लोकांशी जुळणी होते. आपल्याकडे एवढ्या जातीजमाती, एवढी विविधता की सात दात्यांत काम भागणार नाही, आपला साठा आपल्यालाच करावा लागेल, आणि हे सरकारने मनावर घ्यायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

आजीबद्दल: तिचा त्रास ओल्या प्रकारचा आहे की कोरड्या ते आधी विचारा. ओला असेल तर डोळ्यात देतात ती इंजेक्शनं वेळच्या वेळी घेणं हाच आजचा खरा उपचार, एकही चुकवू नका. कोरड्या प्रकारासाठी आयपीएसपासून बनवलेल्या पेशींची ट्रायल आपल्याकडे पण सुरू झालीय, बंगळुरूच्या आयस्टेम कंपनीची, तिच्यात कोण बसतं ते रेटिना स्पेशालिस्ट सांगतील.

जळगाव : माझा मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. एका क्लिनिकने स्टेम सेलची तीन सेशन सांगितलीत, त्यासाठी शेत गहाण टाकावं लागेल. ते म्हणतात हेच ते नोबेल मिळालेलं तंत्र. घरचे म्हणतात पोराच्या भविष्यापुढे शेत काय. काय करू?

ताई, शेत गहाण टाकू नका. तुमचं पत्र मी परत परत वाचलं आणि पहिलं वाक्य हेच लिहायचं ठरवलं.

ते सांगतायत ते नोबेलवालं तंत्र नाही. अशा ठिकाणी बहुतेक वेळा काय करतात, तर मुलाच्याच कमरेच्या हाडातून मगज (बोनमॅरो) काढतात, त्यातल्या पेशी थोड्या वेगळ्या करतात आणि त्याच दिवशी पाठीच्या मणक्यातून परत आत सोडतात. यात कुठलीही पेशी मागे नेलेली नसते, मेंदूची पेशी बनवलेली नसते. मगजातल्या त्या पेशी रक्त बनवणाऱ्या असतात, त्या मणक्यात सोडल्या म्हणून मेंदूच्या होत नाहीत. वर क्योटोच्या टीमला सात पेशंटसाठी किती वर्षं लागली ते वाचलंत ना, ते काम दुपारपर्यंत उरकत असतं तर त्यांनी एवढी वर्षं का घालवली असती?

आता नियम. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं बोनमॅरो किंवा स्टेम सेल ट्रान्सप्लांट, म्हणजे ब्लड कॅन्सर, थॅलेसेमिया वगैरे, हा मान्य उपचार आहे, मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये तो १९८३ पासून होतोय. त्याशिवाय औषध नियंत्रकांनी मंजूर केलेलं एखाददुसरं प्रॉडक्ट. बाकी सगळं संशोधन, आणि संशोधन म्हणजे मंजुरी घेतलेली, नोंदवलेली ट्रायल. ऑटिझम मान्य यादीत नाही. आणि ट्रायल असेल तर तिच्यासाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून तुम्ही तिथे एकच प्रश्न विचारा, ही ट्रायल आहे का? हो म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागा आणि पैसे कशाचे ते विचारा. नाही म्हणाले तर मान्य उपचारांच्या यादीत हे कुठे आहे ते दाखवा म्हणा. दोन्हीकडे उत्तर देताना त्यांचा सूर बदलेल, तो ऐका.

"फायदा नाही झाला तरी तोटा काय, स्वतःच्याच तर पेशी" असं पण सांगतात. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये तीन वयस्कर बायकांनी पैसे भरून स्वतःच्याच पोटाच्या चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्या, त्याही दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींची नजर जवळजवळ गेली, २०१७ मध्ये हे मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय. आणि एका इस्रायली मुलाला रशियात मेंदूत गर्भाच्या पेशी टोचल्या होत्या, काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या, त्या गाठी त्याच्या स्वतःच्या पेशींच्या नव्हत्या, दात्याच्या होत्या. सात वर्षांच्या पोराला भूल देऊन हाडात सुई घालणं, मणक्यात सुई घालणं, इन्फेक्शनची भीती, हा तोटाच आहे.

तुमच्या मुलाला स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, शाळेत समजून घेणारी एखादी बाई, आणि घरात रोजचा ठरलेला दिनक्रम, यातून जे मिळेल ते हळूहळू मिळेल पण ते त्याचं असेल. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं सेंटर असतं, तिथे मोफत तपासणी आणि थेरपीची सोय असते, तिथे आधी जा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा, २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे. आणि घरच्यांना सांगा की शेत हे पण त्याच पोराचं भविष्य आहे.

नाशिक : मुलगी ११ वर्षांची, टाइप वन डायबिटिस. चीनमध्ये एका बाईचा डायबिटिस स्टेम सेलने बरा झाला असा व्हिडिओ फिरतोय. खरं आहे का?

बातमी खरी आहे, व्हिडिओत सगळं सांगत नाहीत. तिआनजिनमधली २५ वर्षांची तरुणी, तिच्या स्वतःच्या चरबीतल्या पेशी घेतल्या, त्यांना मागे नेलं, आणि इथे विशेष म्हणजे जनुकं न घालता फक्त रसायनं वापरून, बीजिंगच्या डेंग होंगक्वी यांच्या लॅबची ही पद्धत. मग त्यापासून इन्शुलिन बनवणारे पेशींचे पुंजके केले आणि जून २०२३ मध्ये पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली बसवले. अडीच महिन्यांनी तिचं बाहेरून घ्यायचं इन्शुलिन बंद झालं आणि एक वर्ष झालं तरी बंदच होतं, २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

न सांगितलेली गोष्ट अशी की तिचं आधी लिव्हर ट्रान्सप्लांट झालेलं होतं, म्हणून ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आधीपासूनच घेत होती. टाइप वनमध्ये शरीर स्वतःच इन्शुलिनच्या पेशींवर हल्ला करतं, त्यामुळे पेशी स्वतःच्या असल्या तरी हल्ला परत होऊ शकतो, आणि तिच्यात तो झाला नाही तो त्या औषधांमुळे का, हे एका माणसावरून सांगता येत नाही. अमेरिकेतल्या व्हर्टेक्स कंपनीच्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी भ्रूणाच्या स्टेम सेलपासून केलेल्या आहेत, २०२५ मधल्या निकालात पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभराने इन्शुलिनशिवाय होते, पण त्यांनाही ती औषधं घ्यावी लागतातच. ११ वर्षांच्या निरोगी मुलीला तशी औषधं आयुष्यभर देणं म्हणजे इन्फेक्शनचा धोका, किडनीवर ताण, कॅन्सरची शक्यता थोडी वाढणं, आणि इन्शुलिनवर ती छान शाळेत जातेय, खेळतेय. मी तरी तो सौदा करणार नाही.

पण ती ११ चीच आहे हे मला आशेचं वाटतं, कारण प्रतिकारशक्तीला न दिसणाऱ्या पेशी बनवायचं काम जोरात चाललंय आणि तिच्याकडे वेळ आहे. तोपर्यंत शुगर जेवढी ताब्यात तेवढे डोळे आणि किडनी चांगल्या राहतील. इन्शुलिन कुणाच्याही सांगण्यावरून एक दिवससुद्धा बंद करायचं नाही, हे तिच्या आजीआजोबांना, मामा-मावशीला, सगळ्यांना सांगून ठेवा.

डोंबिवली : सुनेचं बाळंतपण जवळ आलंय. नाळेचं रक्त साठवायला कंपनीचे सारखे फोन येतायत, "बाळाचा विमा" म्हणतात. साठवावं का?

काकू, घरात थॅलेसेमिया किंवा तशा रक्ताच्या आजाराचं मोठं भावंड नसेल तर गरज नाही. आयसीएमआरचं पण म्हणणं आहे की बाळाला स्वतःला पुढे लागेल म्हणून साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. जन्मजात रक्ताचा आजार असेल तर तो दोष नाळेच्या रक्तात पण असतोच, मग तेच रक्त परत देऊन काय उपयोग. त्यापेक्षा डॉक्टरांना सांगा की बाळ ठीक असेल तर नाळ लगेच बांधू नका, एक मिनिट तरी थांबा, डब्ल्यूएचओ तेच सांगतं, ते रक्त बाळाच्या अंगात जातं आणि लोह वाढतं. आणि घरातल्या १८ ते ५० वयाच्या निरोगी मंडळींना काही करायचंच असेल तर दात्रीसारख्या रजिस्ट्रीत स्टेम सेल दाता म्हणून नाव नोंदवा, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, एवढंच.

सोलापूर : गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन देतात ते हेच का?

नाही. ते वेगळ्या प्रकारच्या पेशींचं असतं, मागे नेलेल्या पेशींचं नाही. गुडघ्याच्या मध्यम झिजेसाठी एक भारतीय प्रॉडक्ट औषध नियंत्रकांनी मंजूर केलेलं आहे, तेव्हा डॉक्टरांना प्रॉडक्टचं नाव, मंजुरी आणि तुमची झीज कितव्या ग्रेडची आहे हे तीनही विचारा. पोटाची चरबी काढून तासाभरात गुडघ्यात टोचतात ते हे प्रॉडक्ट नव्हे.

बेळगाव : यात भ्रूण मारतात असं ऐकलंय. आम्हाला ते पटत नाही.

आयपीएस सेलसाठी भ्रूण लागत नाही, कातडीचा छोटा तुकडा किंवा थोडं रक्त पुरतं. १९९८ मध्ये माणसाच्या भ्रूणापासून पहिल्यांदा स्टेम सेल वेगळ्या केल्या त्या टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात उरलेल्या, पाचेक दिवसांच्या भ्रूणांपासून, आणि तो वाद तेव्हापासूनचा आहे. वर व्हर्टेक्सच्या पेशी भ्रूणापासूनच्या आहेत हे मी मुद्दाम लिहिलंय, ज्याला ते चालत नाही त्याला आधी माहीत असावं म्हणून.

ठाणे : आईला एएलएस आहे. हॉस्पिटलमधून विचारलंय की तिचं रक्त रिसर्चसाठी द्याल का, त्यापासून आयपीएस सेल बनवणार आहेत. आईला यातून काही मिळणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. मग द्यावं का? सही करताना काय बघू?

स्पष्ट सांगितलंय ना, तिथेच ती माणसं सरळ आहेत असं मला वाटतं.

या तंत्राचा उपचाराइतकाच मोठा उपयोग हा आहे आणि त्याबद्दल कुणी व्हिडिओ बनवत नाही. एएलएसमध्ये मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशी, मरत जातात, आणि पेशंटच्या मणक्यातली मोटर न्यूरॉन जिवंतपणी काढून बघता येत नाही. पण तिच्या रक्तापासून आयपीएस सेल बनवल्या आणि त्यापासून मोटर न्यूरॉन, तर ती न्यूरॉन तिचीच जनुकं घेऊन डिशमध्ये वाढते, आजारी पडते, आणि तिच्यावर शेकडो औषधं टाकून बघता येतात. टोकियोच्या केइओ युनिव्हर्सिटीत हिदेयुकी ओकानो यांच्या टीमने असंच केलं, औषधांची मोठी यादी पेशंटच्या न्यूरॉनवर तपासली, त्यात पार्किन्सनचं जुनं औषध रोपिनिरोल पुढे आलं, आणि ते पेशंटवर ट्रायलपर्यंत गेलं. क्योटोत याच पद्धतीने ब्लड कॅन्सरचं बोसुटिनिब एएलएससाठी निवडलं गेलं. दोन्ही औषधं आधीपासून बाजारात होती, माणसाला किती डोस चालतो हे माहीत होतं, म्हणून वर्षानुवर्षं वाचली. एएलएसमध्ये वर्षं किती मोलाची असतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

द्यायचं की नाही हे आईने ठरवावं, तिला बोलायला त्रास होत असेल तर वेळ घेऊन तिच्याकडूनच होकार घ्या. फॉर्ममध्ये हे बघा: पेशी कुठे ठेवणार आणि दुसऱ्या संस्थेला किंवा कंपनीला देणार का, नाव काढून नंबर लावणार का, जनुकीय तपासणीत घरातल्या इतरांच्या धोक्याबद्दल काही कळलं तर तुम्हाला सांगणार की नाही, कारण एएलएसचे काही प्रकार कुटुंबात चालतात आणि तुमच्या भावंडांना ते जाणून घ्यायचं आहे का हे आधी घरात बोलायला हवं. मन बदललं तर पेशी नष्ट करता येतील का आणि कधीपर्यंत. नैतिक समितीची मंजुरी आणि तिथला संपर्क नंबर फॉर्मवर असलाच पाहिजे. फॉर्म मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि तिथल्या तिथे सही करू नका, कॉपी घरी आणा, रात्री सगळ्यांनी बसून वाचा, शंका असतील त्या कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी विचारा.